शस्त्र, पेटी आणि कथा : युद्धवस्तूंच्या संग्राहकांचे कथन

मराठ्यांच्या इतिहासाच्या कागदपत्रांची चिकित्सा गेल्या सव्वाशे वर्षांत ज्या कसोशीने झाली, त्या कसोशीचा अंशही त्या इतिहासाच्या शस्त्रास्त्रांच्या वाट्याला आलेला नाही. एखादे जुने पत्र पुढे आले म्हणजे त्याचा कागद, शाई, मोडीचे वळण, मायना, तिथी आणि शिक्का यांची पृच्छा होते. ते कोणत्या घराण्याच्या दप्तरातून निघाले आणि मध्यंतरी कोणाकोणाच्या हाती होते, हे विचारले जाते. तलवार पुढे आली म्हणजे मात्र ती कोणाची, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर बहुधा वस्तूचा धनीच देतो. हे उत्तर कथेच्या रूपात असते. इतिहासकार ती कथा बाजूला सारतो, कारण त्याच्या दृष्टीने ती पुरावा नव्हे. साहित्याचा अभ्यासक तिच्याकडे वळत नाही, कारण त्याच्या लेखी ती वाङ्मय नव्हे. अशा रीतीने शस्त्रसंग्राहकांचे कथन हा मराठीतील एक जिवंत, विपुल आणि जवळजवळ सर्वस्वी दुर्लक्षित गद्यप्रकार होऊन बसला आहे.

त्याला गद्यप्रकार म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. शिवजयंतीच्या निमित्ताने गावोगाव भरणारी शस्त्रप्रदर्शने, खाजगी संग्रहांच्या खोल्या, किंवा दोन जाणते संग्राहक एकत्र आले म्हणजे रंगणाऱ्या बैठका, या सर्व ठिकाणी ही कथा जवळजवळ एकाच साच्यातून बाहेर पडते. शस्त्र कोण्या सरदाराचे असते. ते एखाद्या विख्यात लढाईत चाललेले असते, आणि ही लढाई प्रतापगड, पावनखिंड किंवा पानिपत यांपैकीच बहुधा असते. मराठ्यांच्या फौजांनी दीडशे वर्षांत ज्या शेकडो बिननावाच्या चकमकी केल्या, त्यांपैकी एकीतही आजच्या संग्रहातले एखादे शस्त्र चालले नसावे, हे नवलच म्हटले पाहिजे. पुढे इंग्रजी अमलात, विशेषतः १८७८ च्या शस्त्रकायद्याच्या भयाने, ते भिंतीत चिणले जाते, विहिरीत टाकले जाते किंवा बळदात दडविले जाते. अखेरीस वाडा पडतो, वारस मोडीच्या भावाने वस्तू विकावयास निघतो आणि अगदी त्या घटकेला संग्राहक तेथे पोहोचतो.

या साच्याविषयी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. कथेच्या चार टप्प्यांपैकी शेवटचा तेवढा कथन करणाऱ्याने स्वतः अनुभवलेला असतो. वस्तू कोणत्या गावी, कोणाकडून, कोणत्या साली आणि किती रुपयांस मिळाली, हे तो शपथेवर सांगू शकतो. परंतु नेमका हाच भाग अत्यंत मोघम राहतो. विकणाऱ्याचे नाव दडविले जाते, किंमत गिळली जाते, गाव जिल्ह्यात विरून जाते. आणि ज्या पानिपतावर कोणी हजर नव्हता त्या पानिपताचे वर्णन मात्र घोड्याच्या रंगासकट येते. ज्ञाताचा संकोच आणि अज्ञाताचा विस्तार हे या गद्याचे पहिले लक्षण होय. संग्राहकांना यासाठी दोष देणे सोपे आहे. तथापि, ज्या अभ्यासकांनी त्यांना दुसरा प्रश्न कधी विचारलाच नाही, त्यांचाही या लक्षणात वाटा आहे.

वजनाची कथा हे याचे लहानसे उदाहरण. अमुक वीराची तलवार आजच्या माणसाला उचलणार नाही इतकी जड होती, हे वाक्य प्रत्येक प्रदर्शनात ऐकू येते. वास्तविक हाती धरून चालवावयाची तलवार साधारणतः एक किलोच्या आसपासच असते. तिचे मोल पात्याच्या तोलात असते, ओझ्यात नसते. ही गोष्ट संग्राहकाइतकी कोणासच ठाऊक नाही, कारण तो ती रोज उचलतो. तरीही तो ते वाक्य बोलतो. श्रोत्यांची अपेक्षा येथे हाताच्या अनुभवावर मात करते. ही मौखिक कथनाची जुनी रीत आहे आणि शाहीर ती पूर्वीपासून जाणून होते.

ही कथा तपासावयाची तर जिच्याभोवती सर्वांत मोठा गाजावाजा झाला ती वस्तू घ्यावी हे उत्तम. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनख २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आणण्यात आले आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडण्यात आले. हेच ते अफझलखानावर चाललेले वाघनख, अशी भावना त्यामागे होती. इतिहास-अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी या ओळखीला जाहीर आक्षेप घेतला. खुद्द लंडनच्या संग्रहालयाच्या वर्णनातही हे वाघनख शिवाजी महाराजांनी वापरलेलेच होय याची खातरजमा करता आलेली नाही, असे नमूद आहे. वादात दोन्ही पक्षांनी वस्तूकडे पाहिले. वस्तूच्या पेटीकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. वस्तुतः सगळी कथा त्या पेटीवर आहे.

ही पेटी वाघनख स्कॉटलंडला पोहोचल्यानंतर तेथे तयार करण्यात आली. तिच्यावरील इंग्रजी मजकुराचा आशय असा, की मोगल सेनापतीला ज्याने मारले ते हे शिवाजीचे वाघनख असून, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने त्यांना ते दिले. एखाद्या अप्रसिद्ध पत्राला लावावयाची कसोटी या दोन-तीन ओळींना लावून पाहावी. अफझलखान मोगलांचा सेनापती नव्हता. तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. पेशवा हाच मुळात छत्रपतींचा मुख्य प्रधान. त्याचा आणखी पंतप्रधान कोण, याचा उलगडा होत नाही. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. साताऱ्यास १८१८ पासून १८२२ पर्यंत जो अधिकारी होता तो केवळ जेम्स ग्रँट होता. ईडनची जहागीर वारशाने आल्यावर, म्हणजे मायदेशी परतल्यानंतर १८२५ च्या सुमारास, त्याने ‘डफ’ हे उपनाम जोडले. तेव्हा ‘ईडनचे ग्रँट डफ’ हा उल्लेखच सांगतो की मजकूर साताऱ्याचा नाही, १८२२ पूर्वीचाही नाही.

तो खुद्द ग्रँट डफच्या हातचा असेल काय? १८२६ साली ज्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला आणि ज्यात अफझलखान विजापूरचा म्हणूनच येतो, तो गृहस्थ आपल्या घरच्या पेटीवर त्यास मोगल ठरवील हे संभवत नाही. मजकूर कुटुंबातील कोणाचा तरी, किंवा त्यांनी सांगितल्यावरून पेटी करणाऱ्याचा असावा. स्कॉटलंडमधील पाहुण्याला ‘मोगल’ हा शब्द कळणारा होता, विजापूर कळणारे नव्हते. कथा श्रोत्यासाठी वळली. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव याच्याकडून ही वस्तू ग्रँट डफच्या हाती आली असावी, असा एक तर्क पुढे केला जातो. परंतु बाजीराव १८१८ च्या जूनमध्ये शरण आला तो माल्कमला, आणि तेही साताऱ्यापासून कितीतरी दूर उत्तरेस. शिवाय छत्रपतींच्या घराण्याची अशी वस्तू साताऱ्याच्या गादीऐवजी पेशव्याकडे का असावी, हा प्रश्न या तर्काने सुटत नाही, वाढतो.

आता दुसऱ्या बाजूने पाहावे. प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ रोजी वाघनख चालले काय? अज्ञानदासाच्या पोवाड्यात बिचव्याबरोबर वाघनख आहे. जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९० नंतरच्या दशकात लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत ते डाव्या हातात आहे, उजव्यात बिचवा. परमानंदाचे शिवभारत महाराजांच्या हयातीतले. त्याच्या संस्कृत वर्णनात मात्र तलवारीचा वार आहे, वाघनख नाही. महाकाव्याच्या नायकाने तलवारच चालवावी, मुठीत दडविलेले नख नव्हे, या काव्यसंकेताचा तो परिणाम असू शकेल. एवढे तरी खरे की वाघनखाची परंपरा जुनी आहे, ग्रँट डफने ती निर्माण केली नाही. परंतु वाघनख वापरले गेले आणि हे वाघनख वापरले गेले, ही दोन वेगळी विधाने आहेत. पोवाडा व बखर पहिल्याचे साक्षीदार होत. दुसऱ्याला साक्षीदार एकच, ती पेटी. आणि तिची साक्ष वर आली आहे. वादात वारंवार असे घडले की पहिल्या विधानाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर मांडला गेला, आणि उलट बाजूने, दुसऱ्यावरचा आक्षेप पहिल्यावरचा आक्षेप समजून त्याचा संताप करण्यात आला.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने इतिहासकाराच्या पुढे एक पाऊल टाकावयास हवे. ही वस्तू त्या स्कॉटिश घरात कोणती कथा सांगत होती? ग्रँट डफच्या इतिहासात प्रतापगडचा प्रसंग विश्वासघाताचा म्हणून रंगविलेला आहे. त्या मांडणीला तलवारीपेक्षा वाघनख फार सोयीचे. ते लपविता येते, मैत्रीच्या आलिंगनात चालविता येते, आणि पाश्चात्त्य वाचकाला त्यात श्वापदाचा पंजाही दिसतो. अर्थात दिवाणखान्यातले ते वाघनख शौर्याचे स्मारक नव्हते, ते पौर्वात्य कपटाचा नमुना होते. २०२४ साली साताऱ्यात जयघोषाने आले ते स्वसंरक्षणाचे, सावधपणाचे आणि अन्यायाच्या निर्दालनाचे प्रतीक म्हणून. अर्थ पार उलटला, पण ज्या मजकुराच्या आधारावर वस्तूला ओळख लाभली होती तो जसाच्या तसा राहिला. ज्या इंग्रजी इतिहासाचे पूर्वग्रह मराठी संशोधकांनी पिढ्यान् पिढ्या खोडून काढले, त्याच्याच घरची एक चिठ्ठी अशी बिनतपासणी स्वीकारली जावी, यात एक उपरोध आहे. तो वस्तू मागविणाऱ्यांच्या ध्यानात आला नाही आणि आक्षेपकांनीही त्याचा म्हणावा तसा उपयोग केला नाही.

कोल्हापूरच्या तलवारीची गोष्ट निराळी आणि अधिक स्वच्छ आहे. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५-७६ साली हिंदुस्थानात आला त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर असलेल्या अल्पवयीन छत्रपतींकडून त्याला जी शस्त्रे नजर झाली, त्यांत शिवाजी महाराजांची म्हणून नोंदलेली एक तलवार होती. तिचे पाते युरोपीय, सतराव्या शतकाच्या आरंभीचे, आणि त्यावर येशूच्या नावाची लॅटिन आद्याक्षरे तीनदा कोरलेली. येथे देणारा ठाऊक, घेणारा ठाऊक, काळ ठाऊक, आणि वस्तूची नोंद देणाऱ्या घराण्याच्या परंपरेवर आधारलेली. परंपरा चुकीची असू शकते. पण ती कोणाची आहे हे तरी कळते. पुढे लोकमानसाने या तलवारीला भवानी म्हटले, १९८० साली मुख्यमंत्री अंतुले यांनी ती परत आणण्याचा विषय राजकारणात आणला, आणि भवानी कोणती व जगदंबा कोणती हा वाद तेव्हापासून शमला नाही. कागदात जी तलवार एका नावाने नव्हे तर एका वर्णनाने नोंदली होती तिला नाव देताच तिच्या मागे पुराण उभे राहिले. नाव हे शस्त्राच्या कथेतील सर्वांत प्रभावी आणि सर्वांत निराधार अंग आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

कथा वस्तूवरच कोरलेली असेल तर काय होते? २०२५ च्या एप्रिलात लंडनच्या सदबीज लिलावगृहात महाराष्ट्र शासनाने नागपूरकर भोसल्यांची एक तलवार सुमारे ४७ लाख रुपयांस घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. घाट मुल्हेरी, पाते युरोपीय बनावटीचे, आणि त्यावर सोन्याने भरलेल्या देवनागरी अक्षरांत श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा असा उल्लेख. पेटीपेक्षा हा साक्षीदार केव्हाही श्रेष्ठ; तो वस्तूपासून तोडता येत नाही. तरीही तो किती बोलतो? नागपूरच्या गादीवर रघूजी एकच झाला नाही. पहिला १७५५ साली वारला, दुसरा १८१६ साली, तिसरा १८५३ साली. आणि सेनासाहेबसुभा हे पद पहिल्यापुरते मर्यादित नव्हते. लेख पहिल्या रघूजीचा आहे हा निर्णय अक्षरांच्या वळणावरून, घाटावरून आणि सोनेकामावरून घ्यावा लागतो. तसा तो घेण्यास आधार असतीलही, पण लेख वाचला म्हणजे निर्णय झाला असे नव्हे. आणि तलवार युद्धात चालली की दरबारात मिरवली, हे लेख मुळीच सांगत नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, तीनंतर इंग्रजांनी ती लुटून नेली असावी, असे वृत्तपत्रांतून आले. असावी हे क्रियापद दोन दिवसांत होती असे झाले. मध्यंतरीच्या दोन शतकांत ती कोणत्या घरांतून फिरली, हा प्रश्न शासनाच्या खर्चाइतका चर्चिला गेला नाही. शासनाने ती घेतली हे योग्यच झाले. परंतु विकणाऱ्या घराकडून तिच्या मालकीची साखळी मागून घेणे हाही खरेदीचाच भाग असावयास हवा होता.

याच्या उलट टोकाला बीकानेरचे शस्त्रागार आहे. आदोनीच्या विजयात सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील राजाच्या हाती दक्षिणी शस्त्रे पडली, त्यांवर शस्त्रागाराच्या कारकुनांनी ठिपक्या-ठिपक्यांनी नोंदी कोरल्या. या नोंदींत अलंकार नाही, वीररस नाही. कोठून आली याची दखल आणि दप्तराचा हिशेब, एवढेच. त्यांचा कर्ता गौरवासाठी लिहीत नव्हता, मोजदादीसाठी लिहीत होता, आणि म्हणूनच दक्षिणी शस्त्रांचा काळ ठरविताना अभ्यासक आज त्या नोंदींवर विसंबतात. कारकुनाच्या ठिपक्यांनी जे साधले ते भाटाच्या कवनाने साधले नसते.

मराठी संशोधनाला हा धडा अपरिचित होता असे नाही. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हापासून कागद कोठे सापडला हे सांगणे हा संपादनाचा धर्म ठरला. पारसनिसांनी साताऱ्यास जमविलेला कागदपत्रांचा, चित्रांचा आणि वस्तूंचा संग्रह अफाट होता. पण त्यांनी कोणती गोष्ट कोठून आणली हे पुष्कळदा सांगितले नाही, आणि याविषयीची तक्रार त्यांच्या समकालीनांपासून ऐकू येते. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या सभांतून १९१० नंतर कागदपत्रांबरोबर नाणी, चित्रे आणि शस्त्रेही सभासदांपुढे आली. तेथे पत्रावर जी उलटतपासणी झाली ती शस्त्रांच्या बाबतीत का रुजली नाही, याचे एक कारण उघड आहे. पत्र बोलते, त्याच्या बोलण्यातील विसंगती पकडता येते. शस्त्र मुके असते, त्याच्या वतीने दुसरे कोणी बोलते, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाची उलटतपासणी करणे सभ्यतेला धरून वाटत नाही.

दुसरे कारण अभ्यासकाच्या अज्ञानात आहे. शस्त्राची वस्तू म्हणून परीक्षा करावयाची तर हाताला सवय लागते, आणि ती संग्राहकांना आहे, विद्यापीठांना नाही. तलवारीचे पाते मुठीत लाखेसारख्या द्रव्याने बसविलेले असते. मूठ तापविली की ते सुटते. साहजिकच एकाच मुठीत दोन-तीन पाती आणि एकाच पात्यावर दोन-तीन मुठी नांदून गेलेल्या असतात. मुठीचा काळ तो पात्याचा काळ नव्हे, आणि म्यान तर बहुधा दोहोंपेक्षा धाकटे. फिरंगेचे पाते परदेशी असल्याने त्यावरील कारागिराच्या खुणांचीही त्या काळीच नक्कल होत असे. कोणती मूठ नव्याने बसविली, कोठे पाते घासून लेख उडविला, कोठे तो नंतर भरला, हे जाणता संग्राहक बोट फिरवून सांगतो. हे ज्ञान लिहिलेले नाही, आणि ज्याच्याजवळ आहे त्याच्याबरोबर ते जाते. संग्राहकाची कथा ऐकून हसणारा प्राध्यापक या ज्ञानालाही मुकतो. श्रद्धाळू वृत्तपत्र आणि तुच्छतावादी पांडित्य, या दोहोंचा परिणाम येथे एकच होतो: जे नोंदवावयास हवे ते नोंदले जात नाही.

आतापर्यंत पाहिलेल्या उदाहरणांत कथा होती आणि पुरावा तोकडा होता. याच्या नेमकी उलट स्थिती एका साध्या वस्तूत आढळते, आणि तिचे संग्राहक महाराष्ट्रात कमी असले तरी तीच अधिक विचारार्ह आहे. पहिल्या महायुद्धात भाग घेतलेल्या सैनिकांना ब्रिटिश सरकारने जी चांदीची युद्धपदके दिली, त्यांच्या कडेवर धारकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उठविलेली असते. लढणाऱ्यांना चांदीचे, बिगारी व इतर अनुयायांना पितळेसारख्या धातूचे, असा भेद होता. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात जी सहावी, म्हणजे पुण्याची डिव्हिजन सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, पुणे आणि कोल्हापूरकडील कित्येक घरांतील माणसे त्यांत होती. त्यांची किंवा त्यांच्या मागे राहिलेल्यांची पदके घरोघर आली. पुढे दुष्काळात, लग्नकार्यात किंवा नुसत्या विस्मृतीत ती सराफाकडे गेली. काही वितळली, काही बाजारात उतरली आणि संग्राहकांच्या पेटीत स्थिरावली.

या पदकाइतका निःसंदिग्ध पुरावा भोसल्यांच्या तलवारीतही नाही. येथे हा की तो, असा संशय नाही. कडेवर माणूस आहे. आणि या माणसाचे नाव अन्यत्र किती ठिकाणी आहे? बसरा येथे मेसोपोटेमियातील मृतांचे जे स्मारक उभारले गेले त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या हिंदी शिपायांची मूळ फलकांवर पलटणीपुढे केवळ संख्या घातली. दगडात जो अंक झाला तो पदकाच्या कडेवर अजून नावानिशी उभा आहे. ते नावही इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेले, म्हणून ओळखू न येण्याइतके मोडलेले. आडनाव अनेकदा नाहीच, आणि गावाला तर कडेवर जागाच नाही.

अशा पदकाला जी कथा हवी ती बाजारात त्याच्याबरोबर येत नाही. सराफाच्या दुकानात ते चांदीच्या वजनाने तोलले जाते, आणि विकणारी सून किंवा नातू त्या कडेवरचे इंग्रजी वाचू शकत नसल्याने कोणाचे म्हणून विचारले तर आजोबांचे एवढेच सांगतो. कूतचा उपास, तुर्कांच्या कैदेतली पायपीट, परत आल्यावर गावाने काय म्हटले, न आलेल्याच्या बायकोने निवृत्तिवेतनासाठी किती फेऱ्या घातल्या, हे त्या घरात एके काळी सांगितले जात असणार. वस्तू घरातून गेली की सांगण्याचे निमित्तही जाते. संग्राहकाला मिळतात ते धातू आणि अक्षरे. प्रतापगडच्या कथेला वस्तूची गरज नव्हती, तिला एक वस्तू चिकटविण्यात आली. कूतच्या शिपायाच्या वस्तूला कथेची नितांत गरज होती, ती तिच्यापासून तोडण्यात आली. वाघनखासाठी समुद्रापार करारमदार झाले. पदके अजूनही किलोग्रॅमने मोजली जातात.

संग्राहकांच्या कथनाची समीक्षा करावयाची ती ते खोटे ठरविण्यासाठी नव्हे. वाघनखाच्या पेटीवरील मजकूर इतिहास म्हणून टिकत नाही, परंतु एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश घराने मराठ्यांकडे कसे पाहिले याचा तो अस्सल दस्तऐवज आहे, आणि त्या नात्याने संग्रहालयात वाघनखाशेजारी पेटीही तितक्याच मानाने मांडली पाहिजे. प्रत्येक शस्त्राच्या नोंदीत घाटाचा काळ, लेखाचा काळ आणि कथेचा काळ असे तीन रकाने वेगळे ठेवले, तर निम्मे वाद आपोआप मिटतील. कथेच्या रकान्यात ती प्रथम कोणी, कोणाला आणि केव्हा सांगितली हे हवे. या तिसऱ्या रकान्याचे काम इतिहास-विभागापेक्षा भाषा-विभागाच्या विद्यार्थ्यांना अधिक साधेल, कारण कथेचे पाठभेद लावणे हा त्यांचा व्यवसाय आहे. एकाच तलवारीची कथा बापाने कशी सांगितली, मुलाने कशी सांगितली, आणि ती वृत्तपत्रात छापून आल्यावर बाप पुन्हा कशी सांगू लागला, हे तीन पाठ शेजारी ठेवण्याचे काम मराठीत अद्याप कोणी हाती घेतलेले दिसत नाही.

पदकांच्या बाबतीत मात्र वेळ थोडा आहे. कूतहून परतलेल्यांची नातवंडे आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि पलटणीच्या क्रमांकावरून तालुका, तालुक्यावरून गाव, गावावरून घर असा माग अजून काही ठिकाणी लागू शकतो. ज्या संग्राहकाने पदक विकत घेतले त्याने सराफाला विकणाऱ्याचे गाव विचारून ते पाकिटावर लिहून ठेवले असेल, तर तो माग निम्म्याने सोपा होतो. आणि लिहून ठेवले नसेल, तर त्या पदकाच्या कडेवर यापुढे फक्त एक क्रमांक, एक हुद्दा आणि मोडक्या इंग्रजी अक्षरांतले एखादे गणू किंवा रामा एवढेच शिल्लक राहते.